नहीं तो परभणी

सायकलवरून पडलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातली मंडळी हाड कुठे मोडले, प्लेट बसवली की नुसती झोळी दिली, खर्च किती आला, अशी चौकशी करतात. दुसऱ्या वर्गातली मंडळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतात, "साहेब, आता कशाला पुन्हा त्या सायकलीच्या नादाला लागायलात?" वाक्य प्रश्नार्थी असते, पण उत्तराची अपेक्षा नसते. साठी उलटली, हाड मोडले, प्रकरण निकाली निघाले.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझे कॉलरबोन, म्हणजे गळ्यापासून खांद्याकडे जाणारे आडवे हाड, मोडले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले की त्याचा जरा नीट विचार करावा असे वाटू लागले. साठीतल्या एका माणसाचे एक हाड ही काही रविवारच्या पुरवणीची बातमी नव्हे. पण पडलेल्या माणसाने पुन्हा चारचौघांत यावे की नाही, आणि आला तर त्या चारचौघांनी काय करावे, हा प्रश्न मात्र माझ्या एकट्याचा नाही.

आमचा सायकलचा गट म्हणजे काही संस्था नव्हे. नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. त्यामुळे भांडणेही बेताचीच. २०२० च्या टाळेबंदीनंतर परभणीत अनेकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या, काहींनी नव्या घेतल्या. त्यातले पंधरा-वीस जण टिकले, तो हा गट. शिक्षक, औषध दुकानदार, एक-दोन डॉक्टर, एक किराणा व्यापारी, महाविद्यालयातली चार-पाच मुलेमुली आणि निवृत्त मंडळींपैकी मी. दर रविवारी पहाटे कधी जिंतूर रस्ता, कधी वसमत रस्त्याने झिरो फाटा, कधी गंगाखेड रस्त्याने पोखर्णीच्या नृसिंहापर्यंत जायचे, चहा प्यायचा आणि उन्हे चढण्याआधी घरी परतायचे. थंडीत आमच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा साऱ्या मराठवाड्याला हुडहुडी भरवतो. त्या दिवसांत कानटोपी, मफलर आणि त्यावर हेल्मेट अशा अवतारात निघालेली ही वरात पाहून कुत्रीसुद्धा क्षणभर भुंकायची थांबतात.

आमच्या भागात सायकलस्वार का पडतो हे कळायला आमची जमीन समजून घ्यावी लागते. कापसाला आणि ज्वारीला आई असलेली ही काळी माती रस्त्याची मात्र सावत्र आई आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घातलेल्या डांबराची कड वर्षागणिक तुटते, साईडपट्टीचा मुरूम वाहून जातो, आणि डांबर व माती यांच्यामध्ये चार-सहा बोटांची पायरी तयार होते. मोटारवाल्याला ही पायरी जाणवतही नाही. सायकलीचे चाक मात्र एकदा खाली उतरले की पायरी त्याला तिरके वर चढू देत नाही. पुढचे चाक कडेला घासत राहते, हँडल फिरते आणि स्वार उजव्या खांद्यावर रस्त्यात येतो. समोरून एकाला मागे टाकत आलेल्या दुसऱ्या गाडीने मला डांबरावरून खाली उतरवले; पुढचे काम पायरीने केले. सायकलस्वारांत कॉलरबोन मोडण्याचे प्रमाण मोठे आहे, ते खांद्यावर बसलेला सगळा धक्का याच हाडाला झेलावा लागतो म्हणून.

मोठ्या माणसाचे हे हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. आधी झोळी, मग भिंतीवर बोटांनी मुंगीसारखे चढणे, दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर नेणे, असे व्यायाम. तिसऱ्या महिन्यात मी घराच्या ओसरीत जुनी सायकल डबल स्टँडवर उभी करून मागचे चाक अधांतरी फिरवू लागलो. सौ. म्हणाल्या, "अहो, कुठपर्यंत पोचलात?" मी म्हणालो, "मानवतचा जीन दिसायलाय." हसण्यावारी गेले, पण त्या प्रश्नात मेख होती. हाड जुळल्याचे एक्स-रे सांगतो. माणूस कुठपर्यंत पोचला, हे सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही.

एकट्याने सायकल चालवणे आणि गटात चालवणे यांत मोठा फरक आहे, आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो. एकटा माणूस वाटेल तिथे थांबतो. गटात पुढच्याचे मागचे चाक आपल्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर असते. असे चिकटून चालण्याचा फायदा खरा आहे: पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागच्याचे श्रम चांगले चौथ्या हिश्श्याने तरी वाचतात. पण त्यासाठी परस्परांवर विश्वास लागतो. पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, मागून ट्रक आला की शेवटच्याने ओरडायचे, कुणी अचानक ब्रेक लावायचा नाही. मोडलेल्या खांद्याच्या माणसाला एक हात सोडून खूण करता येत नाही. मान वळवून मागे पाहता येत नाही. समोरून ट्रॅक्टरच्या दोन उसाच्या ट्रॉल्या डुलत येताना दिसल्या की हाताची बोटे आपोआप ब्रेकवर आवळतात आणि मागच्या चौघांची तारांबळ उडते. म्हणजे ज्या विश्वासावर गट चालतो, नेमका तोच त्याच्यापाशी कमी असतो.

मी परतलो त्या पहिल्या रविवारी गटाने जे केले ते कोणताही भला गट करील. हार घातला, पेढे वाटले, फोटो काढले आणि शिट्टी वाजवून निघाले. दहाव्या मिनिटाला त्यांचे मागचे लाल दिवे धुक्यात दिसेनासे झाले. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सत्कार झाला म्हणजे कर्तव्य झाले, असे आपल्याकडे सगळ्यांनाच वाटते. निवृत्त होणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळ देतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपल्याच कार्यालयात बसायला खुर्ची मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या किराणा व्यापाऱ्याने मात्र आपली सायकल हळू केली होती. तो माझ्या मागे राहिला. बरोबर चालला नाही, "जमतंय का, थांबायचं का" असे विचारत राहिला नाही. एकदाच म्हणाला, "काका, शेवटचा मी हाय. तुमच्या मागं कुणी तरी हाय एवढंच ध्यानात ठेवा, मागं बघायची गरज नाही." मला मान वळवता येत नाही हे त्याने न सांगता ओळखले होते. त्या दिवशी मी पोखर्णीपर्यंत गेलो नाही, अर्ध्या वाटेतून परतलो, आणि तोही परतला. परतीचे दुःख मला झाले नाही.

यावरून माझे मत बनले ते असे, की सायकलच्या गटाची परीक्षा त्याच्या सरासरी वेगावर करू नये. पडून परत आलेल्याला तो कसा सामावून घेतो यावर करावी. हे मत सर्वांना पटेल असे नाही. आमच्यातल्याच एका तरुण मित्राने मला तोंडावर सांगितले, "सर, आठवड्यात एकच दिवस मिळतो. घाम गाळायला येतो आम्ही. एकासाठी सगळ्यांनी रेंगाळायचं का?" त्याचा प्रश्न रास्त आहे आणि तो भावनेने उडवून लावण्यासारखा नाही.

गंमत म्हणजे हा वाद परभणीचा नाही, तो शंभर वर्षांहून जुना आहे. १८९७ साली इटलीत काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे अंतर एका दिवसात कापले आणि त्यांना 'ऑडॅक्स', म्हणजे धाडसी, असे नाव पडले. १९०४ मध्ये आँरी देग्राँज या पत्रकाराने ही कल्पना फ्रान्समध्ये आणली. हा तोच गृहस्थ, ज्याने त्याच्या आदल्या वर्षी 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू केली. त्याच्या ऑडॅक्समध्ये मात्र शर्यत नव्हती. सर्वांनी एकत्र निघायचे, ठरलेल्या वेगाने एकत्र चालायचे, गटाचा कप्तान पुढे असतो आणि त्याला मागे टाकून कुणी जायचे नाही. पुढे १९२१ मध्ये मतभेद झाले आणि ज्याने त्याने आपल्या वेगाने जावे अशी दुसरी पद्धत निघाली. आज आपल्याकडे पुण्या-मुंबईपासून अनेक शहरांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करण्याच्या ज्या 'ब्रेव्हे' होतात त्या या दुसऱ्या पद्धतीच्या: स्पर्धा नाही, पण जो तो आपल्या भरवशावर. पहिली पद्धतही युरोपात अजून जिवंत आहे; तिथला गट ताशी साडेबावीस किलोमीटर या ठरलेल्या वेगाने, एकमेकांना धरून चालतो.

माझ्या तरुण मित्राला दुसरी पद्धत हवी आहे आणि ती त्याने जरूर चालवावी. माझे म्हणणे एवढेच की महिन्यातला एक रविवार पहिल्या पद्धतीचा असावा. त्या दिवशी वेग सर्वांत हळू असलेल्याचा, एक माणूस कायम शेवटी, आणि वाटेत परत फिरायचे एक ठिकाण आधीच ठरलेले, म्हणजे परतणाऱ्याला कुणाची परवानगी मागावी लागू नये. यात तिघा-चौघांच्या घामाचे थोडे नुकसान आहे. पण तेही कधी तरी पडणार आहेत. सायकलवर बसलेला आणि कधीच न पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वृत्तपत्रांना पुनरागमनाच्या कथा आवडतात, पण त्या वेगळ्या जातीच्या असतात. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूला १९८७ मध्ये शिकारीत चुकून बंदुकीचे छर्रे लागले. ते सगळे अंगातून काढताही आले नाहीत, आणि तरी १९८९ ची 'टूर द फ्रान्स' त्याने अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. गोष्ट खरी आहे आणि थरारक आहे. पण ती भिंतीवर बोटे चढवणाऱ्या माणसाच्या उपयोगाची नाही. उलट ती त्याला खिजवते. परत यायचे तर जिंकूनच, नाही तर घरी बसा, असा तिचा सूर निघतो. बहुतेक माणसे कशातच जिंकत नाहीत, तरी त्यांना परत यायचे असते.

बँकेत असताना आम्ही पाऊस गेलेल्या वर्षांत एक काम करत असू. पीक बुडाले की शेतकऱ्याचे पीककर्ज थकायचे. ते थकले म्हणून त्याला बुडवा ठरवला तर पुढच्या पेरणीला त्याच्या हाती काही उरत नसे, आणि बँकेचे पैसेही कायमचे जात. म्हणून दुष्काळ जाहीर झालेल्या गावांत अल्प मुदतीच्या पीककर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर करायचे, हप्ते लांबवायचे आणि नवे पीककर्ज द्यायचे, अशी रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच तरतूद आहे. याला पुनर्गठन म्हणतात. ती माफी नव्हे, कर्ज फेडायचेच असते. पण माणूस खात्यावरून काढून टाकला जात नाही, त्याची मुदत तेवढी बदलते. पडलेल्या माणसाला "आता सायकल बंद ना" असे विचारणारे आपले आप्तेष्ट त्याचे खाते निर्लेखित करायला बसलेले असतात. त्यांचा हेतू काळजीचाच असतो. पण उतारवयात घराबाहेर पडणे, मित्र, घाम, भूक, झोप ही सगळी एकाच दोरीला बांधलेली असतात. एक गाठ सोडली की बाकीची ओघळतात.

याचा अर्थ प्रत्येकाने परत सायकलवर बसलेच पाहिजे असा नाही. साठीनंतर मांडीचे हाड मोडणे ही जिवावरची गोष्ट असू शकते, आणि हाड काय सोसेल हे हाडांच्या डॉक्टरनेच ठरवावे. काही जणांना थांबावे लागते. पण थांबणे आणि गटाबाहेर जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. १९८५-८६ मध्ये बाबा आमट्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. बाबांनी सत्तरी ओलांडली होती आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसतासुद्धा येत नसे. ते वाहनात आडवे पडून त्या सायकलींबरोबर पाच हजार किलोमीटर गेले, आणि १९८८ मध्ये पुन्हा अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत निघाले. पेडल एकदाही न मारता सायकलयात्रेचे नेतृत्व करता येते, हे त्यांनी दाखवले. आमच्या गटातले एक गुडघे गेलेले निवृत्त मास्तर आता आमच्यामागून स्कूटरवर पंक्चरचे सामान आणि पंप घेऊन येतात. ते आले नाहीत तर आम्हाला चुकल्यासारखे होते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळे पेन्शनरांचे चोचले झाले. म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू सांगतो. माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. आमच्या जिल्ह्यात गटाने सायकल चालवणारे खरे लोक आम्ही नव्हेच. सकाळी दहाच्या सुमारास जिंतूर, सेलू, पाथरी, पालम, कुठल्याही रस्त्याला उभे राहा. वेण्या घातलेल्या, पाठीवर दप्तरे घेतलेल्या शाळकरी मुली पाच-पाच, सात-सातच्या घोळक्याने सायकलींवर जाताना दिसतील. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. राज्यातल्या ज्या १२५ मागास तालुक्यांत हा कार्यक्रम आहे त्यांत आमचेही तालुके आहेत. बिहारने २००६ मध्ये अशीच योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत वेळेवर दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: मुली गटाने सायकलवर जातात त्यामुळे त्यांची सुरक्षितता वाढते. एकटीला जो रस्ता बंद असतो तो सात जणींना खुला होतो.

आता त्यातली एक पडते. त्याच डांबराच्या कडेवर, त्याच पायरीवरून. हात प्लास्टरमध्ये जातो, महिन्या-दीड महिन्याने निघतो. तिच्या घरी येणारे पाहुणेही चहाचा कप ठेवता ठेवता तेच वाक्य म्हणतात. फरक एवढाच की माझ्या बाबतीत त्या वाक्याने एक रविवार जातो. तिच्या बाबतीत शाळा जाते. "पोरीच्या जातीला कशाला पाहिजे", "हाताला बाक राहिला तर सोयरिक कशी जमंल", असे दोन-चार विचार पुढे येतात, आणि सायकल धाकट्या भावाकडे जाते. हे मी नोकरीच्या काळात आणि नंतरही, एकापेक्षा अधिक घरांत पाहिले आहे. मुलीच्या नावे सायकलची नोंद सरकारी कागदावर तशीच राहते आणि मुलगी घरी.

एका घरात मात्र वेगळे घडलेले पाहिले. तिच्या चार मैत्रिणी शाळेला जाताना रोज दारात थांबून घंटी वाजवायच्या. ती यायची नाही, त्या जायच्या. आठवडाभर हे चालले. शेवटी आजीच वैतागून म्हणाली, "जा बाई, नाही तर ह्या पोरी घंटी मोडतील." पहिले काही दिवस ती सायकल हातात धरून चालली आणि त्याही तिच्याबरोबर चालल्या, सगळ्यांना उशीर झाला, सगळ्यांनी बोलणी खाल्ली. ऑडॅक्स हा शब्द त्या मुलींनी कधी ऐकलेला नसेल.

म्हणून माझ्या मागण्या दोन आहेत. पहिली, रस्त्याच्या साईडपट्ट्या पावसाळा संपताच मुरूम टाकून, दाबून डांबराच्या पातळीला आणाव्यात, निदान शाळांच्या रस्त्यांवर. हे काम पुलासारखे मोठे नाही आणि त्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून ते राहते. दुसरी मागणी आपल्या सर्वांकडे आहे. पडलेल्याला भेटायला जाल तेव्हा "आता बंद ना" असे विचारू नका. "कधीपासून यायलात?" असे विचारा. आणि तो किंवा ती आलीच, तर हार घालू नका. शेवटी कोण राहणार, तेवढे ठरवा.

आमच्या गावाची एक म्हण साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. जमले तर ठीक, नाही जमले तर परभणी आहेच. बाहेरचे लोक ती आमच्या गावाची थट्टा म्हणून सांगतात. मला ती कधी तशी वाटली नाही. मोठ्या शहरांत नशीब काढायला गेलेल्या आणि हात हलवत आलेल्या कितीतरी पोरांना या गावाने काही न विचारता पुन्हा ओट्यावर बसवून घेतले आहे. माणसाला धाडस करता येते ते परतायला जागा आहे या भरवशावर. येत्या रविवारी आमच्याकडे पोखर्णी ठरली आहे, सावकाश वेगाने. शेवटी राहण्याची पाळी माझी आहे.